एकही खाडा नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून पळायला लागलो. एक्कावन्नाव्या वर्षी. हसणारे हसोत. कॉलनीच्या गेटवर केवळराम भेटला, माझ्याच पाळीचा माणूस. सायकल थांबवून म्हणाला, "काहून बे तुलाराम, कुत्रं मांगं लागलं का?" उत्तर द्यायला दम नव्हता, म्हणून हातानंच काय ते सांगितलं.

पळायचं कारण दीपमाला. पोरगी बी.ए. झाली, पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय. भंडाऱ्याला जानेवारीच्या शेवटी ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, होईल असं सगळे म्हणतात. मुलींना आठशे मीटर. चिखला खदानीच्या आमच्या रस्त्यावर पहाटेपासून मॅंगनीजचे टिप्पर धावतात, त्यामुळं माझ्या बायकोनं, सत्यवतीनं, सांगून टाकलं की पोरगी एकटी जाणार नाही. मग कोण जाणार? बापच जाणार.

मीही शहाण्णव साली त्याच ग्राउंडवर पळालो होतो. दोन सेकंदांनी राहिलो. दोन सेकंद! घरात सगळ्यांना पाठ आहे ते. पण पोरीवर मी काही लादत नाही, तिचंच मन आहे. मी फक्त सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरून आणला.

सोसायटीनं दिलेली डायरी वर्षभर कपाटात कोरी पडून होती. छापील तारखा खोडून माझ्या टाकतोय. लिहायची सवय आहे मला. खदानीत खाली माझं काम छत तपासायचं. पाळीची माणसं आत जाण्याआधी मी जातो, सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, छत ठोकतो, आवाज ऐकतो आणि वर येऊन वहीत लिहितो. आवाज खणखणीत आला तर माणसं आत. पोकळ आला तर साखळी लावतो, मग साहेब असो की आणखी कोणी, त्या साखळीपलीकडं जात नाही.

या डायरीला एकच नियम. ज्या दिवशी मी स्वतः पळेन त्याच दिवशी लिहीन. घरी बसून पळण्याच्या गोष्टी लिहिणारा माणूस मी नाही.

गेटपासून नाल्यावरच्या लहान पुलापर्यंत, पुलियापर्यंत, चारशे मीटर, गाडीच्या मीटरवर मोजलं. जाऊन येऊन आठशे. दीपमालाला चार मिनिटं दहा सेकंद लागले. माझं लिहीत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन्ही नडग्या ठणकतात. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत, समोरच्या हाडाच्या आतल्या कडेनं. हात लावला तरी कळ जाते. दीपमालाचंही तेच. दोघं बापलेक दारात बसून पाय चोळत होतो, ते पाहून सत्यवती म्हणाली, भरती तुमची हाये का पोरीची? मी म्हटलं, दुखणं दोघांचं, भरती तिची.

पोरगी हसली. हसली की तिच्या आजीसारखी दिसते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज पाच किलोमीटर, त्याच्या शेवटी आठशे, घड्याळ लावून. असं टाइमटेबल करून भिंतीवर चिकटवलं. शेजारी कॅलेंडर. पळणं झालं की त्या तारखेवर पेन्सिलनं फुली मारायची. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "एकही खाडा नाही". खदानीत माझे अठ्ठावीस वर्षांतले खाडे हाताच्या बोटांवर मोजता येतील. हजेरी हीच माणसाची किंमत, असं मी मानतो.

दीपमालानं विचारलं, "पाय दुखले तं?" मी म्हटलं, दुखले तरी फुली.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज क्वार्टरच्या तीन पायऱ्या उतरताना आई आठवली. उजवी नडगी डावीपेक्षा जास्त. मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळलं. पळालो मात्र पूर्ण. दीपमालाही पळाली.

परवापासून मला पहिली पाळी, सहाच्या आत खाली उतरावं लागतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी पाळी, सकाळी घरी येईपर्यंत डोळे मिटलेले असतात. तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधली रुचिका दीपमालासोबत जाईल, तीही भरतीचीच तयारी करते. आत्ताची दुसरी, दुपारची पाळी परत आली की मी आहेच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुखणं गेलं!

आज पहाटे पहिलं पाऊल टाकलं आणि कळलं. नडगी हाताने दाबून पाहिली, बोटांनी, मुठीनं. काही नाही. पंधरा दिवसांपूर्वी पायरी उतरता येत नव्हती आणि आज पुलियापर्यंत न थांबता गेलो. केवळराम काय म्हणतो ते विचारायला पाहिजे आता.

यावरून मी जे समजलो ते नीट लिहून ठेवतो, पोरीच्या कामाचं आहे. सुरुवातीला हाड कच्चं असतं, म्हणून दुखतं. दुखण्याचे लाड केले की ते घर करून बसतं. दुर्लक्ष केलं की आपोआप निघून जातं. मी एक गोळी घेतली नाही, डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही, आणि गेलं ना?

दीपमाला म्हणाली, माह्यं नाही गेलं. मी म्हटलं, जाईल. तुझ्या बापाचं एक्कावन्नाव्या वर्षी गेलं, तुझं बाविसाव्या वर्षी न जायला काय झालं?

कॅलेंडर पाहिलं. तीन तारखेपासून आजपर्यंत सगळ्या तारखांवर फुल्या, एकही रिकामी नाही. छाती भरून आली. सत्यवतीला बोलावून दाखवलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दीपमाला डांबर सोडून कडेच्या गवतावरून पळते. गवतावर वेग येत नाही, ग्राउंडवर काय गवत अंथरून ठेवणार आहेत का, असं म्हटलं तरी गवतावरच राहिली. आठशे मीटर तीन चाळीस. मागच्या गुरुवारी रुचिकानं घड्याळ लावलं होतं तेव्हा तीन बत्तीस होते. म्हणजे पोरगी मागे चालली.

रुचिकाच्या क्लासच्या सरांनी म्हणे हप्त्यातून दोन दिवस आराम सांगितलाय, म्हणून ती आज आलीच नाही. हे सर लोक पोरांना आराम करायलाही शिकवतात! दीपमालानं हळूच विचारलं, आपणही आठवड्यातून एक दिवस सोडायचा का. मी तिला तीच गोष्ट परत सांगितली, शहाण्णवची. शेवटच्या वळणावर पोटात कळ आली, तरी मी थांबलो नाही, आणि दोन सेकंदांनी राहिलो. थांबलो असतो तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

पुन्हा दुसरी पाळी, पुन्हा सकाळ मोकळी. थंडी चांगलीच पडली आहे. माझे पाय ठणठणीत. पाचही किलोमीटर न थांबता.

दीपमालाच्या बुटाचे तळ आतल्या बाजूने पार झिजलेत. बूट घालताना ती आता पायरीवर बसते, आधी उभ्यानं घालायची. कपडे धुतानाही उजवा पाय लांब करून बसते. सत्यवतीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरगी पायऱ्या आडवी होऊन उतरून राहिली, तुमच्या ध्यानात येते का काही?

मला राग आला. खोटं कशाला लिहू? म्हटलं, तूच तिला लाडावून ठेवलीस. पोलिसात गेल्यावर रोज कोण तिचे पाय पाहत बसणार आहे? माझंही दुखलं होतं, माझं गेलं. सत्यवती म्हणाली, तुमचं तुमाले मालूम. आणि आत गेली.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज खदानीत सगळ्यांनी माझं नाव घेतलं, म्हणून लिहितो.

सोमवारी तिसऱ्या गाळ्यात, खोदून झालेल्या पोकळीत, सब्बल मारली तेव्हा छताचा आवाज पोकळ आला. फार नाही, थोडासाच, कान नसलेल्या माणसाला कळलाही नसता. मी साखळी लावली. पाळीचे साहेब म्हणाले, तुलाराम, काल तर बरोबर होतं, आज काम अडवू नको. मी म्हटलं, साहेब, कालचं काल. मला आज जे ऐकू आलं ते मी वहीत लिहिलंय. काम अडलं. साहेबांचं तोंड वाकडं झालं. काल संध्याकाळी तिथलंच छत खाली आलं, खाटेएवढे दगड. त्या जागी केवळराम आणि आणखी चौघं असते. केवळराम आज चहा पिताना नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला.

छत कधी खोटं बोलत नाही. ऐकणाऱ्याला उतावीळपणा असतो, तिथं घात होतो. पोरांना मी हेच शिकवतो.

सकाळचं राहिलं. पळून आल्यावर दीपमालानं पाय पुढे करून दाखवला. पहिले पूर्ण नडगी दुखायची, आता एकाच जागी दुखते म्हणाली, आणि बोट ठेवलं. उजव्या नडगीच्या मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. तिथं जरा फुगल्यासारखं होतं. रात्री अंथरुणातही ठणकतं म्हणाली.

मी म्हटलं, चांगलंच झालं की. एवढं मोठं दुखणं होतं, ते एका जागी आलं. आता तिथूनही जाईल. तेल चोळ.

तिनं बोट काढून घेतलं आणि पाय ओढणीनं झाकला.

६ जानेवारी, मंगळवार

तीन मिनिटं पाच सेकंद!

ग्राउंडची तारीख आली आहे, २९ जानेवारी. ती कळल्यापासून पोरगी बदलली. तक्रार नाही, कुरकुर नाही. आज ओठ दाताखाली धरून जी सुटली ती पुलियाला हात लावून परत गेटवर आली तेव्हाच थांबली. घड्याळ पाहून मी ओरडलोच. टिप्परवाल्यानंही वाकून पाहिलं.

दीपमाला गेटच्या खांबाला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एवढा आनंद झाला तिला. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझेही डोळे भरले. शहाण्णवची ती जागा डोळ्यांसमोर आली, या वेळी ती माझ्या जागी पळत होती आणि रेषेच्या पलीकडं गेली होती.

घरापर्यंत चालत यायला तिला फार वेळ लागला. थकली होती.

८ जानेवारी, गुरुवार

पुलियाजवळ बसली. मी मागून येत होतो. लांबून ओरडलो, बसू नको, ऊठ. उठायला गेली आणि परत बसली. मी जवळ जाऊन म्हटलं, तीन आठवड्यांवर ग्राउंड आहे आणि तू रस्त्यात बसतेस? ऊठ.

ती उठली. माझ्या तोंडाकडं पाहत उठली. उजवा पाय टेकवला आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता.

तिला पाठीवर घेऊन घरी आलो. लहानपणी पोळ्याला घ्यायचो तशी. वाटेत ती एवढंच म्हणाली, "बाबा, आजची फुली मारू नका. पुरं नाही झालं."

९ जानेवारी, शुक्रवार

आज पळालो नाही, तरी लिहितो. नियम मोडला.

तुमसरला एक्स-रे काढला आणि तिथून भंडाऱ्याला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बाई वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला शांत. मी डायरी सोबत नेली होती, पोरीचा वेग कसा वाढत गेला ते दाखवायला. असं वाटलं की बाईंना कळेल पोरगी किती जवळ आली आहे, मग काहीतरी इंजेक्शन वगैरे देतील.

बाईंनी दीपमालाची नडगी वरून खालपर्यंत अंगठ्यानं दाबत आणली. त्याच जागी आल्यावर पोरीनं टेबलाची कड धरली. मग बाईंनी दुसऱ्या हाताच्या बोटानं हाडावर टकटक केलं आणि पोरीच्या चेहऱ्याकडं पाहत राहिल्या. मी ते पाहिलं.

एक्स-रे उजेडाला धरून त्यांनी दाखवलं. हाडाला केसाएवढी चीर. म्हणाल्या, नव्यानं पळणाऱ्यांच्या नडग्या सुरुवातीला दुखतातच, लांबवर दुखतात. त्या वेळी आराम दिला, पळणं कमी केलं, हळूहळू वाढवलं, की जातं. हाडाला भरून यायला रिकामे दिवस लागतात. ते दिले नाहीत तर दुखणं एका जागी येऊन बसतं आणि मग हाड चिरतं. त्यांनी दीपमालाला विचारलं, हप्त्यातून किती दिवस पळायचीस? ती म्हणाली, रोज.

मी मध्ये बोललो. म्हटलं, बाई, मीही तिच्यासोबतच पळत होतो, या वयात. माझंही असंच दुखलं होतं. पळत राहिलो आणि गेलं. मग तिचंच काहून असं झालं?

बाईंनी हात पुढे केला. मी डायरी दिली. त्यांनी पानं उलटली, मागे गेल्या, पुढे आल्या. मग बोट ठेवून विचारलं, "आठ नोव्हेंबरनंतर एकदम चोवीस तारीख आहे. मधले दिवस कुठे आहेत?"

मी म्हटलं, त्या दिवसांत मी पळालो नाही. पाळी होती.

"आणि सत्तावीस नोव्हेंबर ते पंधरा डिसेंबर?"

तेव्हाही पाळी होती, म्हणून नाही पळालो.

त्यांनी डायरी मिटून माझ्याकडं दिली. माझा आवाज माझ्याच कानात राहिला. मी नाही पळालो. मी नाही पळालो. माझ्या पायांना पंधरा पंधरा दिवस मिळाले, तेही मी दिले नाहीत, पाळीनं दिले. आणि पोरीला मी भिंतीवर लिहून दिलं की एकही खाडा नाही.

सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. त्यानंतर दोन आठवडे नुसतं चालणं. ग्राउंड वीस दिवसांवर.

१० जानेवारी, शनिवार

सकाळी उठल्याबरोबर भिंतीवरचा कागद काढला. फाडणार होतो, फाडला नाही. घडी करून डायरीत ठेवलाय, इथेच.

दीपमाला म्हणते ती पळणार. कुणीतरी तिला सांगितलंय की ग्राउंडच्या दिवशी सुन्न करायचं इंजेक्शन घेऊन पोरं पळतात. दोन-तीन मिनिटांचा तं प्रश्न आहे म्हणते. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, काल परवापर्यंत तुमीच म्हणत होते ना थांबायचं नाही म्हणून. मी परत नाही म्हटलं. साखळी लावली असं समज म्हटलं, आता तू काय आणि मी काय, कोणी पलीकडं जाणार नाही.

तेव्हा ती माझ्याकडं वळली. ओरडली नाही. सत्यवती चुलीपाशी होती, तिचा हात थांबला.

"बाबा, छपराले तोंड नसते तरी तुमी त्याचं ऐकता. मी तं तोंडानं सांगून राहिली होती."

अठरा डिसेंबरचं पान काढून वाचलं. एकाच पानावर वर छताचं लिहिलंय आणि खाली तिच्या बोटाचं. माझ्याच हाताचं अक्षर. किती हुशारीनं लिहिलंय मी. लाज वाटते.

तिनं फॉर्मची प्रत कपाटात टाकली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. रडली नाही. रडली असती तर मी जवळ तरी बसलो असतो.

२९ जानेवारी, गुरुवार

आज खाडा केला. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, लेकीचं ग्राउंड आहे. ते म्हणाले, शुभेच्छा सांग. मी मान हलवली.

दीपमालानंच म्हटलं होतं, रुचिका पळणार आहे, मला पाहायचंय. वीस दिवसांत माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. कुबड्या घेऊन एसटीत चढली, माझा हात धरला नाही. भंडाऱ्याला ग्राउंडच्या तारेच्या कुंपणाबाहेर आम्ही उभे राहिलो. आत मुलींच्या रांगा, छातीवर नंबर. बाहेर आईबाप, डबे, पाण्याच्या बाटल्या. दीपमालानं मोबाइलवर घड्याळ लावून रुचिकाची वेळ मोजली. तीन मिनिटं नऊ सेकंद. पाहून तिनं मोबाइल खिशात ठेवला. तिच्या मनात कोणता आकडा होता ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही.

तिथे मी तिला ते सांगितलं. तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, सत्यवतीलाही नाही. म्हटलं, दीपमाला, ते दोन सेकंद खोटे आहेत. शेवटच्या वळणावर पोटात कळ आली आणि मी बसलो. तिथं, त्या कडुलिंबाच्या समोर. नंतर चालत चालत रेषेपर्यंत गेलो, सगळे निघून गेले होते. घरी येऊन तुझ्या आजोबांना दोन सेकंद सांगितलं, आणि मग तेच खरं होऊन बसलं. मी थांबलो होतो, पोरी. मला काही झालं नाही. खदानीत लागलो, लग्न झालं, तू झालीस.

तिनं कडुलिंबाकडं पाहिलं. ती म्हणाली, रुचिका येऊन राहिली, आणि कुबड्या सावरून तिच्याकडं गेली. रुचिकाला मिठी मारताना तिची एक कुबडी खाली पडली. ती मी उचलली आणि धरून उभा राहिलो.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून रडली. वरठी गाव येईपर्यंत रडली. मी तिच्याजवळून सरकलो नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सहा आठवडे झाले. बाईंनी पाय टेकवायला सांगितलं. कॉलनीच्या शाळेपर्यंत चालली. रोज संध्याकाळी मी तिची नडगी अंगठ्यानं दाबून पाहतो, बाईंनी दाखवलं तसं, आणि चेहऱ्याकडं बघतो. पहिले दोन दिवस ती पाय पुढे करायला तयार नव्हती. आता करते. पण काही विचारलं की उत्तर एकच, ठीक आहे. चांगलं असलं तरी ठीक आहे, वाईट असलं तरी ठीक आहे. त्या दोन शब्दांवर माझा आता विश्वास नाही. आणि ते तिला मीच शिकवले.

९ मार्च, सोमवार

आजपासून परत पळणं. बाईंनी कागदावर लिहून दिलंय. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. मग पूर्ण एक दिवस काही नाही. आठवड्यात तीनच दिवस. पुढची भरती कधी निघेल कोणाला माहीत नाही. निघेल तेव्हा जायचं की नाही ते दीपमाला ठरवणार आहे, मी विचारलेलं नाही.

डांबरावर गेलो नाही. गावाबाहेरच्या बोडीचं, लहान तळ्याचं, पाणी ओसरलंय, तिच्या पोटात मऊ गवत आहे, तिथे गेलो. सत्यवतीही आली, बांधावर बसून राहिली. नवे बूट.

पहिलं मिनिट झालं. दुसरं झालं. मी घड्याळ पाहत नव्हतो, तिचा पाय पाहत होतो. तिसऱ्या मिनिटाच्या मध्येच ती थांबली आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "बाबा, दुखून राहिलं."

मी एक शब्द विचारला नाही. किती दुखतं, कुठे दुखतं, सहन होतं का, काहीच नाही. म्हटलं, चल घरी. सत्यवतीला हाक मारली, पाण्याची बाटली उचलली. पाठीवर घेतो म्हटलं तर नको म्हणाली, चालते. तिघं हळूहळू आलो. माझ्या डोक्यात एकच, उद्याच भंडाऱ्याला न्यायची, दुसऱ्या पाळीला परत खाडा पडला तर पडो.

दारात ती पायऱ्या चढली. सरळ चढली, तिन्ही, न अडखळता. वर जाऊन वळली.

"दुखत नव्हतं, बाबा," म्हणाली. "तुमी थांबता का, थे पाह्यलं."

मी खालीच उभा होतो. राग यायला पाहिजे होता, मला लगेच येतो. आला नाही. सत्यवतीनं पदर तोंडाला लावला. दीपमाला आत गेली, आतून चहाचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, परवा किती वाजता निघायचं.

मी म्हटलं, तू सांगशील तेव्हा.